पदवीवरचं नाव

बायकांना वय विचारू नये, एवढं भान आमच्या कुलगुरूंना होतं. ते वय कधीच विचारायचे नाहीत. कुणाही मराठी बाईशी ओळख झाली, की ते खिशातलं शाईचं पेन काढायचे, टोपण उघडून मागे लावायचे आणि विचारायचे, "आपलं पदवीवरचं नाव काय?"

समोरची बाई बावचळायची. नाव तर आत्ताच सांगितलं! मग ते समजावून सांगायचे, "हे नव्हे. हे चालू नाव झालं. पदवीदान समारंभात पुकारलं होतं ते." काही जणी हसून सांगून टाकायच्या, काही नवऱ्याकडे बघायच्या. नवरे मग कुलगुरूंकडे ज्या नजरेनं बघायचे, तिची त्यांना सवय झाली होती.

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी खोटं सांगितलं.

ते खरे कुलगुरू नव्हते, हे सांगायला नकोच. खरे कुलगुरू दुबईतल्या अल कुसैसच्या कोपऱ्यावर सकाळी सव्वासहाला डबा घेऊन दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत कशाला उभे राहतील? आमचे कुलगुरू एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे नकाशे आणि पत्रं आली की त्यांवर नंबर टाकायचा, फायलीला लावायची आणि कुणी मागितली की नेमकी तीच काढून द्यायची. त्याआधी वीसेक वर्षं ते वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात, पदवी विभागात कारकून होते. त्यांचं अक्षर इतकं देखणं, की पदवीच्या छापील कागदावर विद्यार्थ्यांची नावं लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. जिल्ह्यातला जो कुणी त्या वर्षांत पदवीधर झाला, त्याचं नाव यांच्या हातचं. पुढे संगणक आला, नावं छापून येऊ लागली, हाताला काम उरलं नाही. मग त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका भाच्याच्या ओळखीनं दुबई गाठली.

एवढ्या पदव्या लिहिणाऱ्या या माणसाकडे स्वतःची पदवी नव्हती. बी.ए.ला इंग्रजीत दोनदा गचकले आणि नाद सोडला. त्यामुळे व्हिसावर हुद्दा साधा, आणि तेवढ्या हुद्द्यावर बायकोमुलांना आणता यायचं नाही. कुसैसला एका खोलीत चार जणांत ते राहायचे. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत कागद. ते आपल्या विद्यापीठाचा आणि जिल्ह्याचा इतिहास लिहीत होते.

'कुलगुरू' हे नाव सामंतांचं. गाडी त्यांची. मुंबईचे, इलेक्ट्रिकल इंजिनीअर, मोकळ्या गळ्याचे. शारजातल्या अल नहदाहून मी आणि तन्वी बसायचो, वाटेत कुसैसला कुलगुरू, आणि मग सगळे दुबई मरीनाला. तन्वी आमच्याच बिल्डिंगमधली, इथेच जन्मलेली, नुकतीच नोकरीला लागलेली. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर इंग्रजीतच. मी मरीनाच्या एका प्रॉपर्टीवाल्याकडे होते. कुठल्या फ्लॅटच्या कुठल्या खिडकीतून समुद्र दिसतो ते लोकांना सांगायचं, हे माझं काम. गणित शिकलेली बाई, पण नवऱ्याची नोकरी चांगली होती, माझी आपली वेळ जायला.

कुलगुरू पुढच्या सीटवर मांडीवर फाइल घेऊन बसायचे आणि बोलायचे ते पत्राच्या भाषेत. "सदर गाडीचा एसी कमी करण्यात यावा, ही विनंती." सामंत म्हणायचे, "मंजूर!" पाच मिनिटांनी पुन्हा, "उपरोक्त विषयास अनुसरून, अजून थोडा." तन्वीला हसू आवरायचं नाही.

रस्ता तुंबला की सामंत स्वतःच कळ काढायचे. "अरे यार, आज ट्रॅफिकची पूर्ण वाट लागलीय. बोला कुलगुरू, कुठपर्यंत आलं तुमचं विद्यापीठ? यल्ला, नेक्स्ट चॅप्टर!"

आणि कुलगुरू सुरू व्हायचे. त्यांचं प्रत्येक गोष्टीचं माप जिल्ह्यातलं. नहदा ते मरीना म्हणजे विद्यापीठापासून शेवटच्या तालुक्याचं कॉलेज. वाटेत एखादा नवा टॉवर उभा राहिला की ते मान वाकडी करून बघायचे आणि म्हणायचे, "उंच आहे. पण आपल्या विद्यापीठाच्या पाण्याच्या टाकीवरून अकरा गावं दिसतात. यावरून किती दिसतात?"

"यावरून इराण दिसतं," सामंत म्हणायचे.

"आपल्या ओळखीचं कोणी आहे का तिथं?" कुलगुरू शांतपणे विचारायचे.

विद्यापीठ व्हायच्या आधी जिल्ह्यातली कॉलेजं लांबच्या शहरातल्या एका थोरल्या विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षा इथे, तपासणी तिथे, आणि पदवीचा कागद यायचा तेव्हा यायचा. एका बाईची पदवी पोस्टानं आली तोवर तिची मुलगी चौथीत गेली होती. दारात मुलगीच होती. तिनं पाकिटावरचं नाव वाचलं आणि पोस्टमनला सांगितलं, "अशी कोणी इथं राहत नाही." पदवी परत गेली ती कायमची. वेगळ्या विद्यापीठाची मागणी खरी त्या दिवशी सुरू झाली, असं कुलगुरूंचं ठाम मत. मोर्चे, निवेदनं, पुढाऱ्यांची भाषणं यांना त्यांच्या इतिहासात एक परिच्छेद. त्या पोस्टमनला मात्र अख्खं प्रकरण. त्याच्या सायकलचा रंगसुद्धा त्यांनी शोधून काढला होता.

विद्यापीठ मंजूर झालं तेव्हा जागा नव्हती. पहिली दोन वर्षं कचेरी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. पंखा लावला की कोपऱ्याकोपऱ्यातला कापूस उडायचा आणि ओल्या शाईवर बसायचा. "पहिल्या तुकडीची पदवी उजेडात धरून पाहा," ते सांगायचे, "नावात तंतू दिसतात. खोटी पदवी ओळखायची ती खूण आहे." मग गावाबाहेरचं माळरान मिळालं. तिथे सावली नव्हती, म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक गावानं एक झाड आणून लावायचं ठरलं. कुणी आंबा आणला, कुणी वड. एका गावानं बाभूळ आणली. त्यावरून केवढी भांडणं! विद्येच्या अंगणात काटे कुणी लावतं का? गावकरी म्हणाले, जगेल तेच आणलं. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्या बाजूला तेवढी बाभूळच उरली होती आणि कारकून तिच्याखाली डबा खायचे.

आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे. कारण ती बाभूळ मी पाहिली होती.

मी त्याच जिल्ह्यातली. शिकले त्याच विद्यापीठात, बी.एस्सी. आणि बी.एड.सुद्धा. लग्न होऊन पुण्याला आले. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुनं नाव सासरी फार जुनाट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नवं आवडलं. नाव बदलायला एक मिनिट लागलं. भाषेला वेळ लागला. मी "जाऊन राहिले", "काहून" म्हटलं की जावा तोंडाला पदर लावायच्या. सासूबाई वाईट नव्हत्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "हिला जरा बोलू द्या, गंमत येते." त्या गमतीचा मी धसका घेतला. वर्षभरात अशी काही पुणेरी झाले, की अमिरातीत येईपर्यंत मी मूळची सदाशिव पेठेतली आहे असंच लोकांना वाटायचं. मीही ते वाटू दिलं. त्यामुळे कुलगुरूंनी पेन उघडून विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हेच नाव. माझं नाव बदललं नाही. पुण्याचीच मी."

त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाले, "बरं."

त्यांच्या त्या प्रश्नामागे काय होतं, ते आम्हाला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कळलं. तिथे त्यांना खरं म्हणजे काही काम नव्हतं. ते खुर्च्या लावायला आले होते. पण ओळीनं एवढ्या शिकलेल्या बायका बघून त्यांना राहवलं नाही. तिसऱ्याच बाईचा नवरा उसळला. "अहो, तुम्हाला काय करायचंय माझ्या बायकोच्या जुन्या नावाशी? कसल्या चौकशा आहेत या?" आवाज चढले. कुणीतरी "खलास, खलास" करत मध्ये पडलं. कुलगुरू घामाघूम झाले होते, पण हटले नाहीत. "साहेब, मी वीस वर्षं नावं लिहिली," ते म्हणाले. "निम्मी मुलींची. मुलगा पदवी घेऊन गेला तर तो कुठं गेला ते मला शोधता येते. कलेक्टर झाला, मास्तर झाला, दुकान टाकलं, काहीतरी सापडते. मुलगी पुढच्या वर्षी त्या नावाची राहतच नाही. विद्यापीठानं जिल्ह्यासाठी काय केलं ते लिहायचं, अन् निम्मे पदवीधर गायब. मी इतिहास लिहू कसा?"

त्या गृहस्थांना इतिहासाचं काही पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी त्यांना सुवाच्य अक्षरात माफीपत्र पाठवलं, आणि स्वतःसाठी एक नियम केला. पुस्तकात शेवटी नावांची यादी येईल. पदवीवरचं नाव, चालू नाव, सध्या मुक्काम. पण त्या बाईच्या स्वतःच्या सहीची लेखी संमती असल्याशिवाय तिचं नाव छापायचं नाही. त्यासाठी त्यांनी छोटे छापील फॉर्म करून घेतले. ते नेहमी फाइलच्या मागच्या कप्प्यात असायचे.

२००८ साल संपता संपता मरीनाचे फोन वाजायचे थांबले. आधी आमचं प्रॉपर्टीचं ऑफिस बंद झालं. मालकानं एका गुरुवारी सगळ्यांना केक खिलवला आणि रविवारी दाराला कुलूप होतं. मी तरीही चिंता केली नाही, नवऱ्याची नोकरी होती. दोन महिन्यांनी तीही गेली. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला एक महिना. मुलगी सातवीत, फ्लॅटचा करार डोक्यावर, आणि पुण्यात सासरे आजारी. नवरा रोज इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना जायचा आणि इन्शाल्ला ऐकून परत यायचा.

अशात कुसैसच्या एका भारतीय शाळेत गणिताची शिक्षिका हवी होती. शिक्षिकेला तेव्हा नवऱ्याला आणि मुलांना आपल्या व्हिसावर ठेवता यायचं. मुख्याध्यापिकेनं माझा पाठ बघितला आणि म्हणाली, जागा तुमची, फक्त पदवी अटेस्ट करून आणा. म्हणजे विद्यापीठ, मंत्रालय, दूतावास असे शिक्के घेऊन. तिनं तीन आठवडे दिले.

मी पदवी घेऊन टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मल्याळी माणसानं एका हातात पदवी धरली, एका हातात पासपोर्ट. बराच वेळ इकडे बघ, तिकडे बघ. मग म्हणाला, "मॅडम, सरनेम बदलता है, समझ गया. बीच में हजबंड का नाम आया, वो भी ओके. लेकिन फर्स्ट नेम भी? तीन में से एक भी मॅच नहीं. ये तो दूसरी लेडी है."

"मैं ही हूँ," मी म्हटलं.

"वो तो आप बोलता है. दूसरा कौन बोलेगा?"

मी घरी येऊन कागदांची पिशवी उपसली. लग्नाच्या दाखल्यावर तरी जुनं नाव असायला हवं होतं. पण आम्ही लग्नाची नोंदणी पासपोर्टच्या वेळी केली, आणि सासूबाईंनी हौसेनं तिथेही नवंच नाव लिहायला लावलं होतं. राजपत्रात नाव बदलल्याचं कधी छापलं नाही. आता छापायचं तर महिने जाणार. आई-वडील गेलेले. माझं नाव बदलल्याची जगात एकच नोंद झाली होती, आणि त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुसैसला कुलगुरूंच्या कचेरीत गेले. त्यांच्या कंपनीचा मरीनाचा टॉवर चार मजल्यांवर थांबला होता. साहेब लोक निघून गेले होते आणि कागद कुसैसच्या गोदामात आणून टाकले होते. न बांधलेल्या इमारतीचे कागद नीट लावून ठेवायला एक माणूस हवा, म्हणून कुलगुरू आणखी आठवडाभर नोकरीत होते. ते फरशीवर बसून सूची करत होते. मी पदवी त्यांच्यापुढे ठेवली.

काय बोलायचं ते मी बसमध्ये घोकून ठेवलं होतं, शुद्ध पुणेरीत. तोंडातून निघालं ते भलतंच. "भाऊ, माझं काम अडकून राहिलं."

पंधरा वर्षांत मी कुणाला भाऊ म्हटलं नव्हतं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच हाक मारतात. मला एकदम रडू फुटलं, आणि राग आला तो त्याहून जास्त. चार वर्षं या माणसाच्या जिल्ह्याला, म्हणजे माझ्याच घराला, मी मागच्या सीटवर बसून हसले होते.

कुलगुरूंनी हात फडक्याला पुसले. कागद उचलला, नावाखाली बोट धरून वाचला. "माझंच अक्षर," ते म्हणाले. "ते वर्ष मला ध्यानात आहे. समारंभ मे महिन्यात घेतला होता. घाम पडून शाई फुटू नये म्हणून कपाळाला ओला पंचा बांधून लिहीत होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सदर बाब मला ज्ञात होती, ताई. तुम्ही एकदा गाडीत फोनवर नवऱ्याला म्हणून राहिल्या होत्या, येताना सांबार आणा. सामंत साहेबांना वाटलं इडलीवालं. पण कोथिंबिरीला सांबार म्हणणारी बाई पुण्याची कशी असंन?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'हेच नाव' म्हणाल्या. ज्याचं नाव त्यानं सांगायचं. मी कोण?"

मग ते जवळच्या आपल्या खोलीवर जाऊन ट्रंकेतून एक वही घेऊन आले. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा पुष्कळ मुली परत येत, नोकरीला लागायचं म्हटलं की नाव जुळायचं नाही. पहिल्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या कुलगुरूंनी तेव्हा एक परिपत्रक काढलं होतं. विद्यापीठाचा आजी किंवा माजी कर्मचारी, जो त्या बाईला दोन्ही नावांनी ओळखतो, त्यानं प्रतिज्ञापत्र करावं, दोन साक्षीदार द्यावेत, की विद्यापीठ दाखला देईल, दोन्ही नावांची व्यक्ती एकच. परिपत्रक रद्द कधीच झालं नव्हतं, नुसतं विसरलं गेलं होतं. त्याचा क्रमांक जगात बहुधा या एकाच वहीत होता.

"मी शनिवारी कायमचा जातो आहे," ते म्हणाले. "तहसीलला प्रतिज्ञापत्र करीन, मुंबईचे शिक्केही रांगेत उभा राहून आणीन. पण साक्षीदार इथले लागतील. दोन्ही नावांनी ओळखणारे. सामंत साहेब अन् ही पोरगी."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलेलं चालणार नाही. मी खोटं लिहीत नाही, ताई. त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे."

शुक्रवारी सामंतांनी कुसैसच्या एका कॅफेटेरियासमोर गाडी लावली. चहा गाडीतच मागवला. सामंतांची नोकरी अजून होती, तन्वीची अर्ध्या दिवसावर आली होती. कुलगुरू नेहमीच्या जागी, मांडीवर दोन कागद. मला वाटलं होतं, एका वाक्याचं काम. पण आधी मी चहात साखर मागवली, मग ती ढवळत बसले. शेवटी मी खिडकीकडे बघत सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, कॉलेज. नंतर हेही सांगितलं, की त्या बाभळीखाली मीपण डबा खाल्ला आहे.

सामंत वळून बघतच राहिले. "म्हणजे वहिनी, चार वर्षं आम्ही यांच्या विद्यापीठाची खेचतोय, आणि तुम्ही तिथल्याच? आणि तुम्हीही हसत होतात?"

"हो."

"मग आम्ही हलकट, तर तुम्ही आमच्या वर." त्यांनी सही ठोकली. रागावले होते की नाही, तेव्हा कळलं नाही. उतरताना मात्र त्यांनी कुलगुरूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सॉरी बॉस. बाभूळवाला चॅप्टर एक नंबर होता."

तन्वीनं सही करण्यापूर्वी माझं नाव दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "आंटी, इट्स सच अ स्ट्राँग नेम. व्हाय वुड यू गिव्ह इट अवे?" मी चहा संपवला.

कुलगुरू शनिवारी गेले. माझी पदवी त्यांच्या हातातल्या पिशवीत, कपड्यांच्या बॅगेत ठेवायला ते तयार नव्हते. मग तेरा दिवस मी घरात कुणाला धड बोलू दिलं नाही. विद्यापीठातल्या नव्या कारकुनानं परिपत्रक खोटं म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं, तेव्हा ते जुन्या दप्तरखान्यात स्वतः शिरले आणि मूळ प्रत काढून त्याच्या टेबलावर ठेवली, हे मला नंतर कळलं. मुंबईत ते तीन दिवस ओळखीच्या कुणाच्या गॅलरीत झोपले. शाळेची मुदत संपायला दोन दिवस असताना पाकीट आलं. पदवीच्या पाठीवर शिक्केच शिक्के. सोबत दाखला, 'सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.' टायपिंग सेंटरच्या माणसानं तो तीनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "अब ठीक है. अब कोई बोला."

आम्ही राहिलो. मी त्या शाळेत लागले, नवऱ्याला वर्षभरानं काम मिळालं, मुलगी इथेच कॉलेजपर्यंत पोचली. जे काही आमचं पुढे झालं ते त्या पाकिटावर झालं.

पाकिटात आणखी एक कागद होता. त्यांचा तो छोटा छापील फॉर्म. माझं पदवीचं वर्ष त्यांनी भरलं होतं, मुक्काम भरला होता. नावाची जागा मोकळी, खाली सहीची रेघ. मागे लिहिलं होतं, "ताई, घाई नाही. आपली इच्छा असेल तरच."

मी तो भरला नाही. का, याचं धड कारण माझ्याकडे नाही. शाळेत नव्या नावानं रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना मी पुण्याचीच वाटत होते, आणि ते वाटणं मी पुन्हा तसंच राहू दिलं. गाडीत एकदा धीर केला तेवढ्यानं माणूस बदलत नाही. सासूबाईंच्या हाती पुस्तक पडलं तर, असंही मनात आलं. पेपर तपासायचे असायचे, आज नाही उद्या. दोन वर्षांनी त्यांनी दुसरा फॉर्म पाठवला, त्याच मजकुराचा. तोही गणिताच्या पुस्तकात ठेवला. दिवाळीला फोन करायचे मी त्यांना, दरवर्षी. ते बाभळीची खुशाली सांगायचे, बाकी मुलींचे फॉर्म कुठून कुठून आले ते सांगायचे. एक कॅनडातून आला, एक शेजारच्याच गल्लीतून. माझ्या फॉर्मबद्दल एकदाही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर मी भरला असता, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

पुस्तक गेल्या वर्षी निघालं. जिल्ह्याच्याच एका छापखान्यात छापलेलं, जाड कागदाचं. त्यानंतर दोन महिन्यांनी कुलगुरू गेले. त्यांच्या मुलीनं माझी प्रत पोस्टानं पाठवली. पोस्टमनचं प्रकरण आहे, जिनिंगचं आहे, झाडांचं आहे. शेवटी पानंच्या पानं बायकांची यादी. पदवीवरचं नाव, चालू नाव, मुक्काम. मी माझं वर्ष शोधलं. एका ओळीत मुक्काम होता, 'संयुक्त अरब अमिराती'. आधीच्या दोन्ही रकान्यांत मिळून दोनच शब्द, 'संमती अप्राप्त'.

त्यांना माझं नाव माहीत होतं. ते त्यांनीच, कपाळाला पंचा बांधून लिहिलं होतं. त्यासाठी तीन दिवस रांगेत उभे राहिले होते. एका शब्दानं मला न विचारता छापलं असतं तर मी काय करणार होते? पण त्यांनी जागा ठेवली आणि वाट बघितली. ते पान बघून मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

माझ्या प्रतीत मी ते दोन शब्द खोडले. बाकीच्या सगळ्या प्रतींत ते तसेच राहणार, म्हणून हे लिहायला घेतलं. माझी संमती आहे, भाऊ. पदवीवरचं नाव वानखडे रुख्मिणी देवराव.